१:५६ सांगून १:१०० चं जहाज गळ्यात मारलं, १७,२४० रुपये गेले

आकडे आधीच देतो, म्हणजे "किती गेले?" विचारून कुणी मीठ चोळायला नको. आगाऊ ७,२५०. "माल तयार आहे" असं विक्रेता म्हणाल्यावर उरलेले ७,२५०. रंगकाम १,८००. कुरियर ९४०. बेरीज १७,२४०. मागवलं होतं टेबलावर मांडायच्या युद्धखेळासाठी ६२ सेंटिमीटरचं मॉडेल. त्या बदल्यात आलं ते ३४.७ सेंटिमीटरचं, टेबलावर सरळ न बसणारं प्लास्टिकचं मालवाहू जहाज.

पद्धत सगळ्यांना पाठ आहे: उचललेले फोटो, "शेवटचा पीस", क्यूआर कोड. मलाही पाठ होती. संताप आहे तो स्केलमध्ये (१:५६ म्हणजे खऱ्याच्या छप्पन्नाव्या भागाएवढं) फसल्याचा, कारण तेवढं एकच कळतं असा माझा समज होता.

मुळात असल्या विक्रेत्याकडे जावंच का लागलं? २८ मिमीच्या बाहुल्यांसाठी (खेळातली माणसं, साधारण १:५६ ची) मालवाहू जहाज तयार मिळत नाही म्हणून. दुकानात मिळणारे जहाजांचे किट १:३५० नाहीतर १:७००. दुसऱ्या महायुद्धातलं लिबर्टी जहाज १:३५० मध्ये ३८ सेंटिमीटर भरतं, दिसतं झकास, पण त्यावरचा खलाशी ५ मिमीचा. तेच जहाज १:५६ मध्ये करायचं तर २ मीटर ४० सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या टेबलापेक्षा लांब. म्हणून डेकवरच्या हाणामारीसाठी लहान किनारी जहाज घ्यायचं, खरं माप २० ते ३५ मीटर. स्कॉटलंडच्या कालव्यांतले ६६ फुटी पफर (वाफेवरची लहान मालवाहू जहाजं) याला उत्तम. १:५६ मध्ये जेमतेम ३६ सेंटिमीटर होतात. परदेशातून मागवायचं तर मोठा खोका, त्याचं कुरियर आणि वर कस्टम्स. त्यापुढे देशातल्या देशात १४,५०० हा भाव वेडगळ वाटला नाही. आजही वाटत नाही.

कबूल केलेला माल असा: रेझिन प्रिंट (द्रव रेझिन घट्ट करून केलेला थ्रीडी प्रिंट), वॉटरलाइन (म्हणजे पाण्याखालचा भाग नाही, तळ सपाट), लांबी ६२ सेंटिमीटर, तीन तुकडे, मालाच्या हॅचचं (माल उतरवायच्या डेकवरच्या तोंडाचं) झाकण निघणारं, हॅच ९ बाय ७ सेंटिमीटर, केबिनच्या बाजूने ३ सेंटिमीटर वाट. या शेवटच्या मापावर खेळ चालतो. बाहुलीचा बेस (पायाखालची चकती) २५ मिमीचा असतो. वाट त्याहून अरुंद असली की जहाज शोकेसमध्ये ठेवायचं. कठडा १८ मिमीच्या आसपास हवा, म्हणजे आडोसा मिळतो. दार ३४ मिमी.

पहिली खूण फोटोतच होती. मागच्या टोकाला, जिथे दोन पाट्या दातेरी खाचांत बसतात, तिथे कडा तपकिरी करपलेल्या. ती लेझरने कापलेल्या एमडीएफची कड. रेझिन करपत नाही. फोटो दुसऱ्या कुणाच्या लाकडी जहाजाचा आहे हे तिथेच उघड होतं, आणि मी तो मोठा करून बघितला होता, पण नांगर किती छान केलाय ते बघायला.

दुसरी खूण मात्र मला अजून झोपू देत नाही. उरलेले पैसे मागताना त्याने अकरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. हात येतो, हॅचचं झाकण उचलतो, परत ठेवतो. झाकणावर अंगठा आडवा, आणि त्याने हॅचची निम्मी रुंदी झाकलेली. माणसाचा अंगठा दोन सेंटिमीटर. म्हणजे हॅच चार सेंटिमीटर. सात नाही, चार! पट्टी लागत नव्हती, कॅल्क्युलेटर लागत नव्हता. सातला ५६ ने गुणून १०० ने भागा, ३.९ येतात. १:१०० ची फाइल जशीच्या तशी छापली होती. तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला आणि क्यूआर स्कॅन केला. झाकण निघतंय याचाच आनंद.

खोक्यातून निघालं ते रेझिनही नव्हतं. पीएलए (थ्रीडी प्रिंटिंगचं साधं प्लास्टिक), ०.३ मिमीचे थर बोटाला लागत होते, वरून घासल्याशिवाय मारलेला चंदेरी स्प्रे. १,८०० चं रंगकाम ते हेच. खाली पूर्ण गोल पोट, त्यामुळे टेबलावर कलंडतं. दार १९ मिमी, बाहुलीच्या कमरेला. वाट १७ मिमी.

आगाऊ देण्याआधी बिल मागितलं होतं. "बिल पाहिजे तर १८ टक्के वर," म्हणाला. २,६१० वाचवले. ते वाचवले म्हणून आता हातात कागद नाही.

पोलिस ठाण्यात पहिला प्रश्न, "पार्सल आलं ना?" आलं. "मग फसवणूक कसली?" लहान आलंय म्हटल्यावर समोरच्याने जहाज हातात फिरवून बघितलं, शेजारच्याला दाखवलं, दोघे हसले. सतरा हजारांचं खेळणं! सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, वस्तू मिळाली आहे, हा दिवाणी वाद, ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही हे खरं, पण विक्रेत्याचा पत्ता लागतो, आणि खोक्यावरचा पत्ता एका झेरॉक्सच्या दुकानाचा निघाला. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. पैसे पाठवायचं अॅप म्हणतं व्यवहार यशस्वी. कुरियरवाला सहीआधी खोका उघडू देत नाही, आणि सहीनंतर तो आपला प्रश्न. ज्या साइटवर पेज होतं तिने चार मिनिटांत कळवलं की नियमभंग आढळला नाही. चार मिनिटांत त्यांनी तपास केला. आम्हाला अर्जावर शिक्का मिळायला सव्वादोन तास लागले. पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो, तासभरात, आठ दिवसांनी नव्हे. मी खोक्याची वाट बघत बसलो होतो.

फोटो मागाल तेव्हा डेकवर दहाचं नाणं ठेवून मागा. नाणं २७ मिमीचं, बाहुलीच्या बेसपेक्षा जरासं मोठं. ते वाटेत आडवं मावलं तर जहाज चालेल. "२८ मिमी स्केल" हे शब्द ऐकून घेऊ नका, दाराची उंची मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. कंटेनर घेताना रेल्वे मॉडेलचे १:८७ चे देतात. ते ७ सेंटिमीटरचे, बाहुलीशेजारी बुटांच्या खोक्यासारखे दिसतात. १:५६ चा वीस फुटी कंटेनर १०.८ बाय ४.४ बाय ४.६ सेंटिमीटर. १:५० च्या खेळण्यातल्या ट्रकवरचा चालून जातो, बाहुल्या तशाही जाडजूड असतात.

माझ्यासारखं असलं जहाज पदरात पडलंच असेल तर १५ मिमीच्या बाहुल्यांच्या खेळाला वापरा, १:१०० तिथेच शोभतं. पोट हॅकसॉ ब्लेडने हाताने कापा. रोटरी टूल वेगात लावलं की पीएलए वितळून पात्याला चिकटतं. अॅसिटोनने गुळगुळीत होतं म्हणतात ते एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचं, याच्यावर उपयोग नाही. गाडीला लावतात ती लांबी (पुट्टी) पातळ हाताने, २२० चा सँडपेपर, मग ४०० चा पाण्यातून. आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, साठ अंशांच्या आसपास डेकचं पापड होतं.

ते पेज बंद झालंय. नवं निघालंय, नाव वेगळं, भाव १२,९००. व्हिडिओ तोच, अकरा सेकंदांचा. अंगठ्याच्या नखाला करडा प्रायमर लागलेला आहे, बघून ठेवा.