चिनी मातीची इवलीशी निळी-पांढरी किटली : नागपूरच्या सीताबर्डीत घेताना काय बघाल

काठोकाठ भरली तर १२० मिली, म्हणजे दोन कटिंगसुद्धा जेमतेम. शोकेससाठीच घ्यायची तर एवढं बघायची गरज नाही. चहा ओतायचा असेल तर दुकानातच पाणी मागून तपासा.

पाणी भरून ओतताना झाकणावरच्या बारीक छिद्रावर बोट ठेवा. धार थांबली तर झाकण नीट बसतं. छिद्रच नसेल तर चहा अडखळत येतो आणि तोटीखालून ओघळतो. नक्षीवरून नख फिरवा: कोबाल्टचा निळा रंग झिलईखाली असेल तर काही लागत नाही, वरून चिकटवलेली छापील नक्षी किंचित उंच लागते आणि घासून घासून जाते. बुडावरच्या चिनी शिक्क्याला भुलू नका. चिनी सम्राट कांग्शीच्या (कारकीर्द १६६१-१७२२) नावाचा शिक्का १९व्या शतकातल्या मालावरही सर्रास मारलेला आहे.

आपल्या सीटीसी (दाणेदार) पत्तीचा भुगा तोटीच्या आतल्या छिद्रांत अडकतो. त्यामुळे पानांचा चहाच टाका. दूधसाखरेचा उकळायचा तर पातेल्यातच. गॅसवर ठेवली की तडकलीच. डिसेंबरातल्या थंडीत आधी कोमट पाण्याने विसळा.

धार स्वच्छ आहे, मूठ मात्र फारच लहान. दोन बोटंही धड बसत नाहीत.