जुन्या किनारी वाळूचं वय: रेडिओकार्बन की ओएसएल?

एकाच चाचणीपुरते पैसे असतील, तर आधी वय कशाचं हवं ते ठरवा. रेडिओकार्बन शिंपल्यात उरलेला किरणोत्सर्गी कार्बन मोजून त्यातला जीव कधी मेला ते सांगतं. ओएसएल (ऑप्टिकली स्टिम्युलेटेड ल्युमिनेसन्स, म्हणजे प्रकाश पाडल्यावर कणांतून निघणारी चमक मोजणं) क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला, म्हणजे वाळू कधी गाडली गेली, ते सांगतं. लाटा जुने शिंपले नव्या थरात आणून टाकतात, म्हणून हा फरक किनाऱ्यावर फार महत्त्वाचा.

पल्ला: रेडिओकार्बन सुमारे ५०,००० वर्षांवर थांबतं. समुद्र आजच्यापेक्षा ६ ते ९ मीटर वर होता तो काळ सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वीचा. इतक्या जुन्या शिंपल्यात १ टक्का आधुनिक कार्बन मिसळला तरी वय ३७,००० च्या आसपास येतं, आणि ते खरंही वाटतं! ओएसएल तिथवर पोचतं. मात्र ५ ते १० टक्के चूक धरावी लागते.

नमुना: शिंपला पिशवीत भरला की झालं, फक्त दोन्ही शिंपा जोडलेल्या असाव्यात. ओएसएलसाठी ताज्या कापलेल्या थरात स्टीलचा पाइप ठोकतात, टोकं लगेच उजेडबंद करतात आणि प्रयोगशाळेत मधलीच वाळू मोजतात. ओलावा तपासायला शेजारची वाळू वेगळी घ्या. गाडलेले कण भोवतालच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची ऊर्जा साठवतात आणि त्यावरूनच वय निघतं. पाणी हा किरणोत्सर्ग शोषतं, त्यामुळे ओलावा चुकला की वयही चुकतं.

थर वाऱ्याने रचला की लाटांनी, हे दोन्ही पद्धती सांगत नाहीत. समुद्रपातळी काढायची तर ते थरांच्या रचनेवरून आधी ओळखा.

गेल्या काही हजार वर्षांची पुळण आणि अखंड शिंपले असतील तर रेडिओकार्बन. शिंपले नसलेली वाळूची टेकडी किंवा ५०,००० वर्षांपलीकडचा थर असेल तर ओएसएलच.