ग्नोमचा ओव्हरव्ह्यू, के-रनर की रोफी? दिवसभर मराठी टाइप करणाऱ्यांसाठी

लिनक्सवर प्रोग्रॅम शोधून उघडायचे मार्ग भरपूर आहेत आणि नुसत्या वेगाचं म्हणाल तर आजच्या मशीनवर त्यांच्यात फारसं डावं-उजवं करता येत नाही. ग्नोमचा ओव्हरव्ह्यू, के-रनर आणि रोफी हे असेच तीन लाँचर, म्हणजे नाव टाइप करून प्रोग्रॅम उघडायची साधनं. तिन्हीमध्ये दोन-तीन अक्षरं दाबली की हवं ते समोर येतं. त्यामुळे वेग, मेमरी, थीम यांची चर्चा मी बाजूला ठेवतोय. माझं काम दिवसभर मराठी मजकुराचं, इन्स्क्रिप्ट या देवनागरीच्या कीबोर्ड लेआउटवर. मधूनच ब्राउझर, कॅल्क (लिबरऑफिसची स्प्रेडशीट), टर्मिनल उघडायचं. तुमचाही दिवस असाच जात असेल तर पुढची तुलना उपयोगी पडेल. फक्त इंग्रजीत टाइप करणाऱ्याला माझा निकाल कदाचित पटणार नाही आणि ते रास्तच आहे.

आधी ग्नोम, लिनक्सवरचा एक डेस्कटॉप. सुपर की (विंडोजच्या चिन्हाची) दाबायची आणि लिहायला लागायचं, इतकं सरळ. २०११ साली ग्नोम ३ मध्ये जुना मेन्यू जाऊन हा ओव्हरव्ह्यू आला तेव्हा नाराज झालेले पुष्कळ होते. मला तो आवडला आणि आजही आवडतो. एकाच जागी प्रोग्रॅम सापडतात, सेटिंग्जची पानं सापडतात, फायली सापडतात, छोटा हिशेबही होतो. आपण जे वारंवार उघडतो ते हळूहळू वर येतं. वेगळं काही बसवायला नको, की जुळवायला नको. नवख्या माणसाला लिनक्स लावून द्यायचं असेल तर मी अजूनही फेडोरा (लिनक्सचं एक वितरण) आणि ग्नोमच देतो.

एक खटकतं ते असं की, सुपर की दाबली की पूर्ण स्क्रीन बदलते. समोरच्या पीडीएफमधला एखादा आकडा वाचून कॅल्क्युलेटर उघडायचा असेल, तर शोधायला लागताच तो आकडा नजरेआड होतो. चालवून घेण्यासारखं आहे, पण जुळवाजुळवीच्या कामात दिवसभर जाणवतं.

प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपचा के-रनर ताकदीनं या सगळ्यांत पुढे आहे असं माझं मत. ऑल्ट आणि स्पेस दाबलं की वरच्या कडेला एक पट्टी येते. प्रोग्रॅम, उघड्या विंडो, ब्राउझरचे बुकमार्क, एककांचं रूपांतर, सगळं त्यात. मात्र हे निकाल वेगवेगळ्या प्लगइनकडून (छोट्या जोड-प्रोग्रॅमकडून) येतात आणि सगळे एकाच क्षणी येत नाहीत. पहिली ओळ बघून एंटर दाबायला जावं आणि तेवढ्यात यादी खाली सरकावी, असं माझ्या जुन्या लॅपटॉपवर व्हायचं. प्लाझ्मा ६ मध्ये कोणत्या प्रकारचे निकाल वर ठेवायचे ते ठरवता येतं, त्यामुळे तक्रार बरीच कमी झाली आहे. नको ती प्लगइन बंद केली तर आणखी कमी होते. प्लाझ्मा आधीपासून वापरत असाल तर के-रनर सोडायचं मला तरी कारण दिसत नाही.

रोफी ही वेगळी जात. तो कुठल्या डेस्कटॉपचा भाग नाही, एक स्वतंत्र छोटा प्रोग्रॅम आहे. मुळात उघड्या विंडोंमध्ये ये-जा करण्यासाठी तो सुरू झाला, लाँचर म्हणून लोक त्याला नंतर ओळखायला लागले. मी तो एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवर वापरतो. शॉर्टकट दाबला की स्क्रीनच्या मध्यावर एक चौकट येते, बाकी सगळं जागच्या जागी दिसत राहतं. काम झालं की तो पूर्ण बंद होतो, मागे काही चालू राहत नाही. त्याच्या दोन पद्धतींतला फरक मात्र आधी समजून घ्या. ‘रन’ पद्धत कमांड म्हणून चालणारं जे जे सापडेल ते सगळं दाखवते, म्हणजे हजारो नावं. ‘डीरन’ पद्धत फक्त डेस्कटॉप फायली (प्रोग्रॅमचं नाव, आयकॉन आणि कमांड नोंदवणाऱ्या छोट्या फायली) असलेले प्रोग्रॅम दाखवते, आयकॉनसकट हवे असतील तर तसे. रोजच्या वापराला डीरनच लावा. फ्लॅटपॅक या प्रोग्रॅम बसवायच्या पद्धतीनं घेतलेले प्रोग्रॅमही त्यातच नीट नावानिशी दिसतात.

आता ज्या त्रासानं माझा निर्णय झाला तो सांगतो.

परिच्छेद लिहिता लिहिता ब्राउझर लागतो. लेआउट मराठीवर आहे. सुपर की दाबली आणि फायरफॉक्सची पहिली चार अक्षरं बोटांच्या सवयीनं दाबली. शोधपेटीत काय येतं? ‘िगीा’. वेलांट्या आणि काने ठिपक्यांच्या वर्तुळांवर लटकलेले, आणि खाली निकाल शून्य. कॅल्कसाठीची चार अक्षरं दाबली तर ‘मोतम’. मग मागे पुसा, लेआउट बदला, पुन्हा लिहा, प्रोग्रॅम उघडा आणि लेखाकडे परतल्यावर लेआउट पुन्हा मराठीवर आणा. एकदा करायला काही सेकंद लागतात. पण प्रत्येक वेळी वाक्य डोक्यात अर्धवट असतं आणि या खटपटीत ते तुटतं. लाँचरनं मला कामापासून कमीत कमी दूर न्यावं एवढीच माझी अपेक्षा, आणि नेमकी तीच इथे पुरी होत नव्हती.

हा दोष तिघांतही आहे, कारण तिघेही चालू लेआउट जसंच्या तसं घेतात. प्रश्न एवढाच की त्यावर तोड काय निघते.

एक तोड सगळीकडे चालते. प्रोग्रॅमची डेस्कटॉप फाइल आपल्या होम फोल्डरमधल्या ॲप्लिकेशन्सच्या जागी कॉपी करायची आणि तिच्यातल्या कीवर्ड्सच्या ओळीत देवनागरी शब्द घालायचे: फायरफॉक्स, ब्राउझर, जे सुचेल ते, प्रत्येकानंतर अर्धविराम. मग मराठीत ‘फाय’ लिहिलं तरी तो सापडतो. ग्नोम, के-रनर आणि रोफी तिघेही कीवर्ड्स बघतात. पाच-सहा नेहमीच्या प्रोग्रॅमसाठी हे जरूर करा, मीही केलं आहे. पण प्रत्येक नव्या प्रोग्रॅमसाठी करत बसणं होत नाही. शिवाय मूळ फाइल पुढच्या अपडेटमध्ये बदलली तरी आपली प्रत जुनीच राहते.

ग्नोममध्ये दुसरी एक चांगली सोय आहे, जी फार थोडे लोक वापरताना दिसतात. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक विंडोसाठी लेआउट वेगळं ठेवण्याचा पर्याय आहे. तो निवडला की ओव्हरव्ह्यूलाही स्वतःचं लेआउट मिळतं. तिथे एकदा इंग्रजी ठेवलं की रायटरमध्ये (लिबरऑफिसच्या लिहायच्या प्रोग्रॅममध्ये) मराठी चालू असतानाही शोधपेटीत इंग्रजीच येतं. माझा प्रश्न यानं जवळजवळ सुटला होता. पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. माझ्याकडे रायटरच्या तीन-चार विंडो, ब्राउझर, मेल असं सगळं उघडं असतं आणि प्रत्येक ठिकाणी आत्ता कोणतं लेआउट आहे हे लक्षात ठेवणं मला जड गेलं. विंडो बदलली की वर पॅनेलकडे बघून खात्री करायची, हा नवा चाळा लागला. एक-दोन विंडोतच काम करणाऱ्याला हा पर्याय छान जमेल.

रोफीच्या बाबतीत तोड आपल्या हातात राहते, कारण रोफी म्हणजे शेवटी एक कमांड. मी चार ओळींची शेल स्क्रिप्ट केली आहे. आत्ताचं लेआउट कोणतं ते लक्षात ठेव, इंग्रजी लाव, रोफी उघड, तो बंद झाला की लक्षात ठेवलेलं लेआउट परत लाव. लेआउट विचारायला आणि बदलायला एक्सकेबी-स्विच नावाचं छोटं साधन आहे. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंग्जमध्ये शॉर्टकटला रोफीऐवजी ही स्क्रिप्ट जोडली. एवढंच. आता मराठी वाक्याच्या मध्यावर शॉर्टकट दाबतो, इंग्रजीत तीन अक्षरं, एंटर. परत वाक्याकडे आलो की लेआउट मराठीच. एस्केप दाबून मध्येच माघार घेतली तरीही मराठीच. मोजमाप काही केलेलं नाही, पण दिवसाच्या शेवटी चिडचिड किती कमी होते ते मला पक्कं ठाऊक आहे.

याला मर्यादा आहेत. ही स्क्रिप्ट एक्स-११ वरची, म्हणजे स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेवरची; वेलँड ही तिच्या जागी आलेली नवी. वेलँडवरचा स्वे हा विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांना स्वेच्याच कमांडनं लेआउट बदलता येतं, तिथे कल्पना तीच राहते. पण वेलँडवरच्या ग्नोममध्ये बाहेरच्या प्रोग्रॅमला असं लेआउट बदलू दिलं जात नाही आणि रोफीही तिथे धड बसत नाही. ग्नोमवरच राहायचं असेल तर वर सांगितलेला दर विंडोला वेगळ्या लेआउटचा पर्यायच धरा, रोफीच्या मागे लागू नका. एक्सएफसीईच्या ४.२० मध्ये वेलँड आलं आहे, पण ते प्रायोगिक आहे. एक्स-११ तिथे अजून ठणठणीत चालतं.

निवड करताना एका गोष्टीचा दोष लाँचरला देऊ नका. ॲपइमेज (न बसवता थेट चालणारी, एकाच फाइलीतली प्रोग्रॅमची प्रत) उतरवून चालवलं आणि मग ते कुठल्याच यादीत दिसत नाही, अशी तक्रार नेहमी कानावर येते. डेस्कटॉप फाइल नसेल तर ग्नोमलाही ते दिसणार नाही आणि रोफीच्या डीरनलाही नाही. ती फाइल हातानं लिहावी लागते. फ्लॅटपॅक पहिल्यांदाच बसवलं असेल तर एकदा लॉगआउट करून परत या, बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं.

घरात एकच लॅपटॉप सगळे वापरत असतील तर मात्र रोफी एकट्यावर भिस्त ठेवू नका. नाव आठवत नसेल तर तो फारसा उपयोगी नाही. एक्सएफसीईचा व्हिस्कर मेन्यू पॅनेलवर राहू द्या. त्यात वर्गवारी आहे, आवडते प्रोग्रॅम वर ठेवता येतात आणि माउसनं क्लिक करणाऱ्याला लेआउटशी देणंघेणं नसतं. आमच्याकडे आई तोच वापरते.

ठरवायच्या आधी एवढं करा. लेआउट मराठीवर ठेवा, एखादा खराखुरा मजकूर लिहायला घ्या आणि मध्येच तीन वेगवेगळे प्रोग्रॅम उघडून बघा. परत आल्यावर पुढचा शब्द लगेच मराठीत उमटला तर तुमचा सध्याचा लाँचर बदलायची गरज नाही. नाही उमटला, तर एक्सएफसीई आणि रोफी एखादा आठवडा वापरून पाहावं असं मी सुचवेन. स्क्रिप्ट लिहायला अर्धा तास पुरतो.