नौपाड्यातला पोकर वर्ग: रेझ उत्तम शिकवतात, पत्ते टाकायला मात्र नाही

तीन पत्तीवर हात बसलेल्या माणसाला एक्क्यांची जोडी आली की तो गप्प होतो. छोटी चाल करतो, सगळ्यांना आत येऊ देतो. तिथे ते खपतं, कारण हातातले पत्ते शेवटपर्यंत तेच राहतात. नो-लिमिट होल्डेममध्ये (पोकरचा प्रकार: हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे सामायिक पाच, पैज हवी तेवढी) अजून पाच पत्ते उघडायचे असतात आणि आत जितके जास्त जण, तितकी कुणाचं तरी काहीतरी जुळायची भीती जास्त. ठाण्याच्या नौपाड्यात रविवारी भरणाऱ्या या वर्गात सुरुवातीचा सगळा वेळ ही एक सवय मोडण्यात जातो. फी तिथेच वसूल होते.

एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. समोर एकच जण कुठलेही पत्ते घेऊन असेल तर ती साधारण ८५ टक्के वेळा जिंकते, चौघे असतील तर ५६ टक्के. हे फळ्यावर मांडून झालं की लगेच टेबल. प्रत्येकाला २००० च्या चिप्स, ब्लाइंड (दोघांनी पत्ते बघण्याआधी सक्तीने टाकायच्या चिप्स) १०-२०. पहिली रेझ, म्हणजे पैज वाढवणं, ६० ची. आधी कुणी नुसते २० टाकून आत आले असतील तर माणशी २० वाढवायचे, म्हणजे दोघे असले तर १००. कुणी ६० केलेच असतील, तर त्याच्यावर १८०. आपण ब्लाइंडला असलो तर २४०, कारण पुढच्या प्रत्येक फेरीत आधी बोलायची पाळी आपली.

नवखे इथेच कच खातात. १८० ऐवजी १२० करतात. मग समोरच्याला ६० भरून २१० चा पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) खेळायला मिळतो, साडेतीनास एक. एवढ्या स्वस्तात तो काहीही घेऊन येणार. १८० केले तर त्याला २७० साठी १२० मोजावे लागतात. शिक्षक हा हिशेब प्रत्येकाकडून तोंडी करवून घेतात आणि चिप्सना हात लावण्याआधी आकडा बोलायला लावतात. सवय चांगली आहे, दोन खेपांत चिप्स सरकवल्या तर रेझ धरत नाहीत. एक्क्यांना १०० आणि एक्का-राजाला ६० असं करणारा तर लगेच पकडला जातो.

पत्त्यांचा कॅटही काही डावांसाठी मुद्दाम लावून ठेवलेला असतो. पिसून वाटत बसले तर मोठ्या जोडीची वाट बघण्यातच दुपार जाईल.

कमी पडतं ते फ्लॉपनंतर, म्हणजे मधले पहिले तीन पत्ते उघडल्यावर. ‘रेझ केली ना, मग फ्लॉपलाही मारायचं’ एवढ्यावर विषय संपतो. समोर एकच जण आणि फ्लॉप राजा-७-२, तिन्ही वेगळ्या रंगांचे, तर १५० च्या पॉटमध्ये ५० टाकणं ठीकच. पण हातात गुलामांची जोडी, फ्लॉपला बदामाची ९-८ आणि किलवरची ७, आत अजून तिघे: इथे कुणाचीही रांग किंवा रंग जुळू शकतो, मारत सुटणं म्हणजे चिप्स वाटणं. शिवाय गुलामांवर फ्लॉपला राणी, राजा किंवा एक्का पडण्याची शक्यता ५७ टक्के आहे, म्हणजे जोडी धोक्यात यायचा प्रसंग दर दुसऱ्या वेळी येणारच. एरवी शांत बसणारा माणूस अचानक मोठी रेझ देतो तेव्हा एक जोडी टाकून द्यायची असते, याला पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत.

पैसे लावून खेळवत नाहीत. ते बरोबरच आहे, ऑनलाइनचा पैशांचा खेळही २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाला. फक्त फुकटच्या चिप्स म्हटल्यावर लोक कशालाही कॉल करतात (समोरच्याइतक्याच चिप्स भरून आत राहतात) आणि रेझचा धाक राहत नाही. उपाय म्हणून चिप्स संपलेल्याला उरलेला वेळ नुसतं बघत बसवतात. बऱ्यापैकी चालतं.

आधीपासून होल्डेम खेळत असाल तर नव्याने शिकण्यासारखं फारसं नाही, तीन पत्तीतून येणाऱ्यांनी जरूर जावं. टेबल लांबट आहे. लवकर पोचून डीलरच्या समोरची मधली खुर्ची धरा, टोकाला बसलं की फ्लॉपचे रंग नीट दिसत नाहीत.