लिनक्ससोबत म्युझिक प्लेअर: बरेच महिने वापरल्यावर

माझ्या म्युझिक प्लेअरच्या सर्व्हिसवाल्यांचं परवा पुन्हा तेच उत्तर आलं, "विंडोजवरून कॉपी करून बघा", म्हणून म्हटलं आता सविस्तर लिहूनच टाकतो. माझी तक्रार एवढीच की लिनक्सवरून गाणी टाकून फोल्डर लावला की गाणी वाट्टेल त्या क्रमाने वाजतात. 07 झालं की 02, मग एकदम 11. फाइलच्या नावात नंबर आहेत तरी!

बाकी वस्तू चांगली आहे. आवाज मस्त, बटणं खरी, खिशातल्या खिशात गाणं बदलता येतं, फ्लॅक आणि ऑग व्हॉर्बिस हे दोन्ही फाइल प्रकार वाजतात. घेताना मी हटून यूएसबी मास स्टोरेजवालाच घेतला, कारण एमटीपी (फाइल पाठवायची दुसरी पद्धत) लिनक्सवर लिबएमटीपी नावाच्या लायब्ररीने चालतं खरं पण मोठा फोल्डर टाकला की मधेच लटकतं आणि आरसिंक (फक्त बदललेल्या फाइल कॉपी करणारी कमांड) धड लावता येत नाही. हा सरळ पेनड्राइव्हसारखा माउंट होतो.

आता क्रमाचं. प्लेअरचं मेमरी कार्ड फॅट32 आहे, म्हणजे फाइली साठवायची ती पद्धत (फाइल सिस्टिम). त्यात फोल्डरमधली नावं साधारण ज्या क्रमाने लिहिली जातात तशीच पडून राहतात आणि हा प्लेअर ती सॉर्ट न करता तशीच वाचतो. विंडोजची फाइल सिस्टिम एनटीएफएस नावं आधीच क्रमाने देते, त्यामुळे तिकडे कुणाच्या लक्षातच येत नाही. आपली लिनक्सची ईएक्सटी4 देते हॅशच्या (नावावरून काढलेल्या आकड्याच्या) क्रमाने, म्हणजे विस्कळीत, आणि अख्खा फोल्डर कॉपी करताना सीपी ही कमांडही नावांचा क्रम लावत नाही. म्हणजे दोष फर्मवेअरचाच (प्लेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा), आणि यादी सॉर्ट करणं काय एवढं अवघड आहे हो? रॉकबॉक्स हे प्लेअरसाठीचं दुसरं फर्मवेअर किती वर्षं करतंय, तेही फुकट.

मधे वैतागून विकायलाच काढला होता, पण फॅटसॉर्ट नावाची कमांड मिळाली आणि मत बदललं. कार्ड अनमाउंट करायचं (सिस्टिमपासून सोडवायचं), एलएसबीएलके या कमांडने कार्डाच्या पार्टिशनचं नाव नीट बघून घ्यायचं आणि सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने, फॅटसॉर्ट चालवायचं. गाण्यांना हात लागत नाही, फक्त डिरेक्टरीतल्या नोंदी क्रमाने लागतात, त्यामुळे काम पटकन होतं. नवीन अल्बम टाकला की मात्र परत चालवावं लागतं, म्हणून आरसिंक आणि हे एकाच स्क्रिप्टमध्ये ठेवलंय. आरसिंकला मॉडिफाय-विंडो 1 हा पर्याय (वेळेत एका सेकंदाचा फरक चालवून घे) द्याच, फॅटमध्ये फाइलची वेळ 2 सेकंदांच्या टप्प्याने नोंदते, नाहीतर न बदललेली गाणीसुद्धा पुन्हा कॉपी होत बसतात.

कायम शफलवर ऐकत असाल तर बिनधास्त घ्या. ऑडिओबुक ऐकणाऱ्यांनी टर्मिनल उघडायची तयारी असेल तरच घ्या, पाचव्या प्रकरणानंतर दुसरं लागलं तर फार डोकं फिरतं.