विंडोजशेजारी उबंटू टाकून बरेच महिने झाले, बूटच्या भानगडींचा अनुभव

लॅपटॉपवर विंडोज 11 होतंच, त्याच एसएसडीवर जागा काढून उबंटू 24.04 (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं आणि तेव्हापासून दोन्ही रोज वापरतोय. मधेमधे बूटचे घोळ झाले पण एकदाही फॉर्मॅट मारावं लागलं नाही, आणि मला मुख्य सांगायचंय ते हेच, कारण ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टीम, म्हटलं की जो तो 'विंडोज उडेल' म्हणून घाबरवतो. विंडोज उडत नाही हो, बहुतेक वेळा ते जागेवरच असतं, फक्त त्याच्यापर्यंत कसं पोचायचं हे लॅपटॉप विसरलेला असतो.

ही भीती एमबीआर या जुन्या बूट पद्धतीच्या काळातली आहे. तेव्हा डिस्कच्या पहिल्या 512 बाइटच्या सेक्टरमध्ये एकाच बूटलोडरला (सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) जागा असायची, नंतर येणारा आधीच्याला पुसायचा. आता यूईएफआय या नव्या पद्धतीत डिस्कवर फॅट32 चं एक छोटं ईएफआय पार्टिशन असतं, त्यात विंडोजचा बूटलोडर त्याच्या फोल्डरमध्ये आणि उबंटूचा बूटलोडर ग्रब त्याच्या फोल्डरमध्ये, कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. आधी कोणाला उठवायचं याची यादी मात्र डिस्कवर नसते, ती मदरबोर्डवरच्या मेमरीत असते, आणि बिघडते ती बहुतेकदा ही यादीच.

माझ्याकडे बायोस अपडेट केल्यावर हेच झालं. ग्रबचा मेनू गायब, लॅपटॉप थेट विंडोजमध्ये. अशा वेळी आधी काही इन्स्टॉल करायला जाऊ नका, चालू करताना बूट मेनूची की दाबा (कुठे एफ12, कुठे एफ9, कुठे एस्केप) आणि तिथे उबंटू दिसतंय का बघा, दिसलं तर बायोसमध्ये जाऊन ते वर सरकवायचं, झालं काम. माझ्याकडे तेही दिसत नव्हतं, मग उबंटूचाच पेनड्राइव्ह लावून 'ट्राय उबंटू' मध्ये गेलो, बूट-रिपेअर नावाचं दुरुस्तीचं टूल टाकलं, त्यातला रेकमेंडेड रिपेअर चालवला आणि मेनू परत आला. एक गोष्ट मात्र बघा, पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच बूट झाला पाहिजे, लेगसीमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीने, झाला तर ग्रब भलत्याच प्रकारचा बसतो आणि मग डोकं धरून बसायचं.

उलटं पण होतं, म्हणजे ग्रब येतो पण त्यात विंडोजच नाही. इथे लोक हमखास घाबरतात. 2021 मध्ये आलेल्या ग्रब 2.06 पासून ओएस-प्रोबर, म्हणजे दुसरी सिस्टीम शोधणारा भाग, सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ओएस-प्रोबर डिसेबलची ओळ फॉल्स करायची, मग टर्मिनलमध्ये सुडो अपडेट-ग्रब ही कमांड चालवली की विंडोज हजर. जुन्या व्हिडिओंमध्ये विंडोजची बूटरेक फिक्स-एमबीआर ही कमांड मारा म्हणून सांगतात, यूईएफआयवाल्या लॅपटॉपला त्याचा काही उपयोग नाही, तिथे बूट एमबीआरमधून होतच नाही.

खरा त्रास दिला फास्ट स्टार्टअपने. विंडोज शटडाउन केलं असं आपल्याला वाटतं पण ते कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची, अवस्था फाइलमध्ये ठेवून अर्धवट झोपतं, त्यामुळे उबंटूतून विंडोजचं पार्टिशन उघडायला गेलं की ते नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही, नाहीतर उघडतच नाही. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, एसएसडीवर वेगात मला तरी काही फरक जाणवला नाही. घड्याळाचा घोळ पण तसाच, विंडोज हार्डवेअरचं घड्याळ लोकल टाइम समजतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ), म्हणून इकडून तिकडे गेलं की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे. उबंटूमध्ये टाइमडेटसीटीएल कमांड वापरून आरटीसी, म्हणजे हे हार्डवेअरचं घड्याळ, लोकलवर ठेवलं की थांबतं.

बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शनचं, मात्र हलक्यात घेऊ नका. पुष्कळ लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपल्या नकळत चालू असतं, आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलेच बूटलोडर चालू देणारी बायोसमधली सोय) बंद-चालू केलं की विंडोज 48 आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा, त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही हे सांगायला नकोच. वेळ कधीही येते. ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनंतर बऱ्याच जणांचं लिनक्स एसबॅटची (जुने असुरक्षित बूटलोडर अडवणाऱ्या नियमाची) एरर देऊन अडलं होतं, तेव्हा उपाय हाच होता की सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जाऊन मोकयुटिल या कमांडने एसबॅट पॉलिसी काढून टाका, रीस्टार्ट करून परत चालू करा. रिकव्हरी की हाताशी नसेल तर या भानगडीत लिनक्स राहतं बाजूला, विंडोजच बंद.

आणि कधी उबंटू नको झालं तर विंडोजमधून त्याचं पार्टिशन उडवून मोकळे होऊ नका. ग्रबचा पहिला तुकडा ईएफआय पार्टिशनमध्ये तसाच राहतो, बाकीचं सापडत नाही म्हणून काळ्या स्क्रीनवर ग्रब लिहून थांबतो. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर वर घ्या, मग डिलीट करा. केलं असेल आधीच, तरी तिथेच जाऊन तेच करायचं, विंडोज चालू होतं.

एवढं सगळं जमलं पण ब्लूटूथ हेडफोनचं अजून जमलेलं नाही. लॅपटॉपचा ब्लूटूथ ॲड्रेस दोन्हीकडे एकच, पेअरिंगची की मात्र प्रत्येक सिस्टीम आपली वेगळी बनवते, म्हणून इकडे जोडले की तिकडे तुटतात. विंडोजच्या रजिस्ट्रीतली की काढून उबंटूच्या फाइलमध्ये घालता येते, पण तेवढा उत्साह कोणाला, सध्या विंडोजवर वायरवालेच वापरतोय.