स्वयंसेवा काउंटर: चार वस्तूंसाठी सोयीचे, आठवड्याच्या बाजारासाठी त्रासाचे

इंग्लंडमध्ये आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये पूर्वी कर्मचारी बसलेली आठ काउंटर असत. आता दोनच उरली आहेत आणि बाकीच्या जागेत ग्राहकाने स्वतःच बारकोड दाखवून पैसे भरण्याची यंत्रे उभी आहेत. वर्षभर आठवड्यातून दोनदा ती वापरल्यानंतर हे लिहीत आहे.

दूध, पाव आणि अंडी एवढेच घ्यायचे असेल, तर यंत्रासारखी सोय नाही. दोन मिनिटांत माणूस बाहेर पडतो. अडचण सुरू होते ती भरलेल्या ट्रॉलीपासून. पिशवी ठेवायच्या जागेखाली वजनकाटा असतो, आणि बारकोड वाचल्यावर त्या वस्तूच्या अपेक्षित वजनाइतका भार तेथे पडला नाही, की यंत्र अडून बसते. कोथिंबिरीची जुडी त्याला जाणवत नाही, घरून आणलेली जाड कापडी पिशवी मात्र खटकते. मग लाल दिवा लागतो आणि सात-आठ यंत्रांमागे नेमलेल्या एकाच कर्मचाऱ्याची वाट पाहावी लागते. वाइनची बाटली असेल, तर वयाच्या खात्रीसाठीही त्यालाच यावे लागते.

सुट्या भाजीचे तर विचारूच नये. गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याहून आलेली माझी आई भेंडी घेऊन पडद्यासमोर उभी राहिली. ती ‘ओक्रा’ या नावाखाली शोधायची असते, हे तिला कसे कळावे? काउंटरवरची बाई भाजी हातात घेताच ओळखते, वजन करते आणि पुढे सरकवते. ते तिचे कसब आहे, आणि ते काम आता आपण बिनसरावाने, मागे रांग ताटकळत असताना करतो.

सर्वांचे मत असे नाही, हेही सांगायला हवे. आमच्या वरच्या मजल्यावरचा विद्यार्थी संध्याकाळी मुदत संपत आलेल्या, पिवळी चिठ्ठी लावलेल्या स्वस्त वस्तू घेतो, आणि आपण काय घेतो हे कोणी पाहत नाही म्हणून त्याला यंत्रच बरे वाटते. शेजारच्या सत्तरी ओलांडलेल्या बाई मात्र पेन्शनची रोकड आठवड्याच्या हिशेबाने वेगळी काढून ठेवतात. बहुतेक यंत्रे फक्त कार्ड घेतात, त्यामुळे त्यांना एखादे काउंटर उघडेपर्यंत थांबावे लागते. माझ्या मते यंत्रांविरुद्धची सर्वांत रास्त तक्रार हीच आहे.

यंत्रांविषयीच्या तक्रारी ऐकणारी दुकानेही आहेत. उत्तर इंग्लंडमधील बूथ्स या साखळीने नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या 28 पैकी दोन वगळता सर्व दुकानांतून ही यंत्रे काढत असल्याचे जाहीर केले. ग्राहकांना ती संथ, बेभरवशाची आणि आपुलकी नसलेली वाटतात, हे त्यामागचे कारण होते. आमच्या दुकानाने तितके टोक गाठावे असे मी म्हणणार नाही. उरलेली दोन काउंटर दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत चालू राहावीत आणि यंत्रांपाशी एकाऐवजी दोन कर्मचारी असावेत, एवढेच मागणे मी दुकानात लेखी दिले आहे.

यंत्र वापरणाऱ्यांनी एक काळजी जरूर घ्यावी. पिवळ्या चिठ्ठीखालचा मूळ बारकोड उघडा राहिला असेल, तर यंत्र तोच वाचून पूर्ण किंमत लावते. पैसे भरण्याआधी पडद्यावरचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहावा.